सायकलीवरचे ओझे : कॅरिअर, टोपली आणि तोलाचे गणित

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास मुंबई-पुण्यातील चौकाचौकांत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटू लागतात. पुरवण्या अंकांत सरकवल्या जातात, चळती लागतात आणि मग त्या सायकलींच्या कॅरिअरवर चढतात. हे बांधणे पाहण्यासारखे असते. अंकाची घडीकडची बाजू जाड असते, म्हणून काही अंक एका दिशेने आणि पुढचे काही उलट्या दिशेने रचले जातात. तसे केले नाही तर चळत एका अंगाला कलते. मग जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून तिच्याभोवती दोन वेढे दिले जातात. उरलेले अंक हँडलच्या कापडी पिशवीत जातात आणि पावसाचे दिवस असतील तर वरून प्लॅस्टिकचा कागद येतो. छापखान्यातील अवाढव्य यंत्रे आणि रात्रभर धावणाऱ्या गाड्या यांच्यानंतरचा, वाचकाच्या दारापर्यंतचा शेवटचा पल्ला अनेक ठिकाणी अजूनही या कॅरिअरच्या भरवशावर पार पडतो.

सायकलीवर किती वजन नेता येते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ते वजन कुठे ठेवले आहे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणारे चाळीस लिटर दूध वर्षानुवर्षे सुखरूप घरोघरी पोहोचते. उलट हँडलच्या एका टोकाला अडकवलेली चार किलो भाजीची पिशवी सायकलस्वाराला दवाखान्यात पोहोचवू शकते. या दोहोंमधील फरक समजून घ्यायचा तर आपल्याकडच्या साध्या, काळ्या, उंच सायकलीपासूनच सुरुवात करावी लागते.

काळ्या सायकलीची रचना

इंग्लंडमधून आलेली आणि स्वातंत्र्यानंतर येथेच तयार होऊ लागलेली ही सायकल अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. मद्रासमध्ये १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनिपतमध्ये १९५१ साली अॅटलस आणि लुधियानात १९५६ साली हीरो सायकल्स हे कारखाने उभे राहिले. त्यांनी जी सायकल लाखोंच्या संख्येने बनवली, ती मुळात ओझ्याची सायकल होती. २८ इंची चाके, जाड पोलादी नळ्या, लांबट सांगाडा आणि मागे लोखंडी कॅरिअर. ज्याला अधिक वजन न्यायचे, तो 'डबल बार'ची, म्हणजे दोन आडव्या दांड्यांची सायकल घेई.

या सायकलीची चाके नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात. सपाट जागी सरळ बसून सायकल चालवणाऱ्याचा अर्ध्याहून बराच अधिक भार मागच्या चाकावर येतो आणि कॅरिअरवरचे ओझे त्यात भर घालते. हा हिशेब करूनच आठ आरे जास्त दिलेले आहेत. ओझेवाल्या सायकलीचे मागचे चाक तरीही लवकर वाकडे होते आणि 'आउट काढायला' दुकानात न्यावे लागते, तो भाग वेगळा.

कॅरिअरची करामत त्याच्या पायांत आहे. वरची पट्टी सीटच्या खाली सांगाड्याला आवळलेली असते. पण खरे वजन पेलतात त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या सळया. त्या थेट मागच्या आसाच्या नटाखाली अडकवलेल्या असतात. त्यामुळे ओझे सांगाड्याला न वाकवता सरळ आसावर, तेथून आऱ्यांवर आणि टायरवर उतरते. वरचा बोल्ट कॅरिअरला केवळ पुढे-मागे डोलू देत नाही. कॅरिअर निकामी होते ते बहुतेक वेळा या दोन सळयांपैकी एकीचा नट सैल पडल्याने. सगळा भार दुसरीवर येतो आणि ती खड्ड्यात एखाद्या दिवशी मोडते.

या साध्या रचनेवर किती व्यवसाय उभे राहिले, याची मोजदाद करणे कठीण आहे. धुतलेल्या कपड्यांचे बोचके नेणारा परीट, रबरी भोंगा वाजवत इडलीचे पातेले घेऊन फिरणारा विक्रेता, रात्री मुंबईच्या रस्त्यांवर थर्मास लटकवून चहा-कॉफी विकणारा, ही त्यांतली काही ठळक नावे. धार लावणारा तर सायकल स्टँडवर उभी करून जागच्या जागी पायडल मारतो आणि चाकावरून फिरणाऱ्या पट्ट्याने सहाण चालवतो. त्याच्या सायकलीवर दुकानही असते आणि कारखानाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १८९० साली सुरू झालेल्या या सेवेत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली. लोकलगाडी हा या व्यवस्थेचा कणा. म्हणूनच २०२० साली टाळेबंदीत लोकल थांबल्या, तेव्हा डबेही थांबले. मात्र घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी हे दोन तुकडे पायी, हातगाडीवर आणि सायकलीवर पार पडतात. एका डबेवाल्याकडे साधारण ३० ते ४० डबे असतात. ते तो कॅरिअरच्या दोन्ही अंगांना आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना सारखेच वाटून लावतो. हँडलवर वजन नको, हा नियम तो मोडतो खरा. पण दोन्ही बाजू समतोल ठेवून, वेग कमी राखून आणि अंतर थोडे असताना मोडतो.

तीस सेंटिमीटरचा फरक

ओझे कुठे ठेवावे, याचे गणित अवघड नाही. उदाहरणादाखल ६० किलो वजनाचा माणूस आणि २० किलोंची सायकल घेऊ. एकूण ८० किलोंपैकी साधारण ३० किलो भार पुढच्या चाकावर येतो असे धरावे. या सायकलीच्या दोन्ही आसांमधील अंतर सुमारे ११५ सेंटिमीटर असते. आता कॅरिअरवर ६० किलोंचे पोते ठेवले आणि त्याचा मध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार जवळजवळ साडेपंधरा किलोंनी कमी होतो, म्हणजे निम्म्यावर येतो. चढ लागला की पुढचे चाक उचलू पाहते आणि हँडल वळवले तरी चाक रस्ता धरत नाही. तेच पोते ३० सेंटिमीटर पुढे सरकवून बरोबर आसाच्या वर आणले, तर पुढच्या चाकाचा भार कणभरही घटत नाही. पोते तेच, माणूस तोच, रस्ताही तोच.

म्हणूनच अनुभवी माणूस जड वस्तू सीटला टेकवून ठेवतो आणि हलक्या वस्तू मागे. मग टाचेचा प्रश्न येतो. ओझे फार पुढे आणले, तर पायडल मारताना टाच त्यावर आपटते. जुन्या सायकलीचा सांगाडा लांब असल्याने तेथे ही अडचण फारशी जाणवत नाही. आखूड सांगाड्याच्या नव्या सायकलींवर ती हमखास जाणवते.

उंचीचे गणितही असेच आहे. ओझे जितके उंच, तितके ते वळणावर आणि थांबताना अंगावर येते. चालत्या सायकलीवर स्वार नकळत हँडलच्या सूक्ष्म हालचालींनी तोल सावरत असतो. उंच ओझे त्याला उशिरा आणि मोठ्या झोक्याने उत्तर देते. सिग्नलला पाय टेकवताना याची खरी परीक्षा होते.

एका बाजूलाच पिशवी असेल तर? हा बागुलबुवा मात्र थोडा अतिशयोक्त आहे. मागच्या चाकाच्या एका अंगाला, मध्यापासून २० सेंटिमीटरवर दहा किलोंची पिशवी असली, तरी स्वारासह ९० किलोंच्या एकूण वजनाचा मध्य सव्वादोन सेंटिमीटरच सरकतो. स्वार तेवढे अंग दुसरीकडे झुकवतो आणि पाच मिनिटांत विसरूनही जातो. अडचण येते ती सायकल उभी करताना. एका पायाच्या स्टँडवर अशी सायकल हमखास कोसळते. ओझ्यासाठी मागच्या चाकाला उचलून धरणारा दोन पायांचा जुना स्टँडच खरा.

गोण, कावड आणि पाव

ओझे दोन सारख्या भागांत वाटून खाली, दोन्ही अंगांना लोंबते ठेवायचे, ही कल्पना सायकलीहून फार जुनी आहे. खांद्यावरची कावड हीच गोष्ट करते. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोण हीच गोष्ट करीत असे आणि रस्ते व रेल्वे येण्यापूर्वी धान्य व मीठ वाहणारे तांडे तिच्यावरच चालत. प्रवासी खांद्यावर टाकीत ती दुतोंडी पडशीही याच घराण्यातली. गवळ्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून वीस-वीस लिटरचे कॅन अडकवले, तेव्हा त्याने कावडीलाच चाके जोडली. एक लिटर दूध एक किलोहून किंचित जड असते. म्हणजे दूधच ४१ किलोंच्या आसपास, वर कॅनचे वजन. एवढा भार आसाच्या उंचीच्या जवळपास राहतो, म्हणून सायकल डगमगत नाही. गवळी एका बाजूचे दूध संपवून मग दुसऱ्या बाजूला हात घालत नाही. दोन्ही कॅन सारखेच रिकामे होत जातील असे तो माप घालतो.

पाश्चात्त्य देशांत सायकलीच्या या दुतर्फा पिशव्यांना 'पॅनिअर' म्हणतात आणि आता भारतीय दुकानांतही तोच शब्द रुळला आहे. या शब्दाचे कूळ मनोरंजक आहे. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे भाकरी; त्यावरून भाकरीच्या टोपलीचे नाव आले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत जनावराच्या पाठीवरील टोपलीसाठी आणि पुढे सायकलीच्या पिशवीसाठी वापरले जाऊ लागले. त्याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेत पावाचा शब्द आला आणि पोर्तुगीजांकडून तो मराठीत 'पाव' होऊन स्थिरावला. तेव्हा पावाची टोपली घेऊन जाणारी सायकल ही या शब्दाची दोन्ही टोके एकत्र आणते.

ती गोव्यात रोज सकाळ-संध्याकाळ दिसते. तेथील पोदेर कॅरिअरवर मोठी वेताची वा बांबूची टोपली बांधतो, पाव गरम व कोरडे राहावेत म्हणून वर कापड आणि प्लॅस्टिक झाकतो आणि रबरी भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. उंडे, पोई, कांकणे असा माल त्या टोपलीत असतो. वर म्हटलेला नियम येथे उलटा झालेला दिसेल, कारण टोपली उंच आहे आणि कॅरिअरच्या चोहोबाजूंनी बाहेर आलेली आहे. परंतु पाव जागा फार खातो आणि वजनाला हलका असतो. हलके व फुगीर वर, जड व आटोपशीर खाली, इतकाच त्याचा अर्थ. कलिंगडे भरून तीच टोपली कोणी त्याच जागी बांधली, तर पहिल्याच उतारावर चूक कळेल.

टोपलीचे स्वतःचे गुणही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बांबूची विणलेली पाटी लवचीक असते, खड्ड्यातला हिसका ती थोडा गिळते आणि हवा खेळती ठेवते. भाजी, फुले, अंडी यांसाठी ती उत्तम. पावसाळ्यात मात्र ती बुरसते. प्लॅस्टिकचे क्रेट स्वस्त, धुता येण्याजोगे आणि चौकोनी असल्याने कॅरिअरवर नीट बसते. पण त्याच्या तळाला पक्के बांधण्याची सोय पाहावी लागते. तारेची टोपली गंजते आणि तिचे सांधे सुटले की टोके कपड्यांना लागतात.

पुढची टोपली

मागे ओझे ठेवण्यात एक उणीव आहे. ते नजरेआड असते. म्हणून पर्स, दप्तर, छत्री, थोडी भाजी यांसाठी पुढच्या टोपलीला पर्याय नाही. जपानमध्ये घरोघरी वापरल्या जाणाऱ्या 'मामाचारी' सायकलींवर ती असतेच असते. आपल्याकडे ती मुलींच्या सायकलीची खूण बनली. बिहारने २००६ साली नववीच्या विद्यार्थिनींसाठी सायकल योजना सुरू केली, महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील मुलींना सायकली देण्यात आल्या; अशा सायकलींच्या टोपल्यांतून दप्तर आणि डबा शाळेत जाऊ लागला. पाठीवरचे दप्तर उतरले, हा त्यातला दुर्लक्षित लाभ.

पण बहुतेक टोपल्या हँडललाच जोडलेल्या असतात. हँडल वळले की टोपली आणि तिच्यातले वजनही वळते. तीन-चार किलोंपर्यंत हे खपून जाते. त्यापुढे हँडल जड होते, वळले की वळतच राहते आणि सायकल उभी केली की पुढचे चाक गर्रकन फिरून ती आडवी होते. टोपलीच्या तळापासून पुढच्या आसापर्यंत उतरणाऱ्या सळया असतील तर वजन निदान हँडलच्या खिळ्यांवर लोंबत नाही. टोपली घेताना एवढे तरी पाहावे.

इंग्लंडमध्ये खाटीक, बेकरीवाले आणि वाणी यांच्या पोऱ्यांसाठी बनलेल्या सायकलींनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले होते. तेथे पुढचे चाक मुद्दाम लहान केले आणि त्यावरची भलीमोठी टोपली हँडलऐवजी सांगाड्याला जोडली. चाक वळते, टोपली जागेवर राहते. चाक लहान असल्याने टोपली खाली बसते. १९२६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या पॅशली कंपनीने अशा सायकली दीर्घकाळ बनवल्या. नेदरलँड्समध्येही सांगाड्याला जोडलेली पुढची चौकट सर्रास दिसते आणि उभी असताना चाक फिरू नये म्हणून तेथे चिमटा व सांगाडा यांच्यामध्ये एक लहानशी स्प्रिंग लावतात. दहा-वीस रुपयांच्या किमतीची ही स्प्रिंग आपल्या कारखानदारांना का सुचली नाही, हे एक कोडेच आहे. पॅरिसमधील वर्तमानपत्रवाल्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ते अंकांचा गठ्ठा पुढच्या चाकावरच्या सपाट चौकटीत बांधत, त्यांच्या सायकलींच्या चिमट्याचा बाकही त्याच हिशेबाने ठेवलेला असे आणि ठराविक वजन घेऊन धावण्याची त्यांची शर्यतही भरत असे.

चालवायची नाही, ढकलायची

एका मर्यादेनंतर सायकल हे बसण्याचे वाहन राहत नाही. १९५४ साली व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंच सैन्याचा अंदाज असा होता, की डोंगर-जंगलातून शत्रूला पुरेशी रसद आणता येणार नाही. ती आली आणि तिचा मोठा वाटा सायकलींनी वाहिला. हमालांनी हँडलला बांबू बांधून ते लांब केले, जेणेकरून बाजूने चालत दिशा देता यावी. सीटच्या मागे दुसरी काठी उभी केली, जिने सायकल ढकलता व सावरता यावी. आणि सांगाड्याच्या दोन्ही अंगांना तांदूळ व दारूगोळा लादला. एकेका सायकलीवर दोनशे किलो आणि त्याहूनही अधिक ओझे जात असे. खांद्यावरच्या कावडीने माणूस नेतो त्याच्या कितीतरी पट. त्यांतल्या अनेक सायकली फ्रेंच बनावटीच्याच होत्या, हा इतिहासाचा विनोद.

तेच दृश्य, युद्धाविना, झारखंडमध्ये दिसत आले आहे. धनबाद, रामगढ, हजारीबाग या पट्ट्यांत कोळशाची पोती सायकलीच्या सांगाड्यातून आरपार आणि दोन्ही बाजूंना लादून माणसे रांचीसारख्या शहरांकडे पायी निघतात. दोनशे किलोंच्या आसपासचे ओझे, डांबरी चढ आणि दोन-दोन, तीन-तीन दिवसांची वाट. चढावर एकाची सायकल दोघे ढकलतात, उतारावर ती मागे खेचून धरावी लागते, कारण एवढ्या वजनाला ब्रेक पुरे पडत नाहीत. हा कोळसा पुष्कळदा बेकायदा काढलेला असतो. सायकलवाल्याच्या पदरी पडते ती दिवसभराची मजुरी आणि फुफ्फुसांतली धूळ. सायकलीच्या वहनक्षमतेचे कौतुक करताना ती क्षमता अखेर कोणाच्या खांद्यातून येते, हे या रस्त्यावर उघड दिसते.

चाकात अडकणारे

शहरातील सायकलस्वाराला धोका असतो तो दोनशे किलोंचा नसून दोन किलोंचा. पातळ बंदांची प्लॅस्टिकची पिशवी हँडलला अडकवली जाते, ती पायडलच्या लयीत झुलू लागते आणि एखाद्या वळणावर पुढच्या चाकाच्या आऱ्यांत शिरते. आरे तिला चिमट्यापर्यंत ओढून नेतात, चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मागच्या चाकात काही अडकले तर सायकल घसटत थांबते. पुढच्या चाकात अडकले तर सावरायला वेळच मिळत नाही. कुलूप, छत्री, टिफिनची पिशवी, यांतले काहीही हँडलवर लोंबते ठेवू नये, याचे कारण हे आहे.

कॅरिअरवर बसवलेली लहान मुले हा आपल्याकडचा दुसरा जुना विषय. दोन ते आठ वर्षांच्या मुलाचे पाय लोंबतात, झोप लागली की आत वळतात आणि टाच वा घोटा आऱ्यांत सापडतो. अस्थिरोगतज्ज्ञांना ही दुखापत चांगली परिचयाची आहे. वरून खरचटल्यासारखी दिसली तरी टाचेची कातडी चिरडलेली असते आणि जखम भरायला आठवडे लागतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि पाय ठेवायला पट्ट्या, एवढ्याने ती टळते. लेडीज सायकलींना साडीसाठी अशी जाळी पूर्वी सर्रास असे. साडीच्या पदरासाठी आणि ओढणीसाठीही ती तितकीच आवश्यक आहे.

ब्रेकचे भान तर प्रत्येक ओझ्याबरोबर ठेवावे लागते. हाताचा जोर तोच राहिला आणि एकूण वजन दुप्पट झाले, तर थांबायला लागणारे अंतरही दुप्पट होते. जुन्या सायकलींचे पोलादी रिम भिजले की रबराची पकड आणखी ढासळते. भर पावसात कॅरिअर भरून उतार उतरताना ब्रेक हलके-हलके अगोदरपासून दाबत राहिल्यास रिमवरचे पाणी पुसले जाते. ऐनवेळी दाबून उपयोग होत नाही.

नवी सायकल, जुनी गरज

गेल्या दोन-अडीच दशकांत शहरांतील दुकानांत गिअरच्या सायकली आल्या. त्या हलक्या आहेत, चढावर सोप्या आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना कॅरिअर नाही. सायकल व्यायामासाठी घ्यायची, सामान आणायला स्कूटर आहेच, असे गृहीत धरून ती विकली जाते. ज्याच्याकडे स्कूटर नाही, त्याला हा गृहीतकाचा फटका बसतो. मुंबई-पुण्यात सायकलीवरून जेवणाचे डबे पोहोचवणारी मुले पाठीवर चौकोनी पेटारा घेऊन दिवसभर फिरताना दिसतात. ज्या वजनाला आसावर जागा असायला हवी, ते त्यांच्या कण्यावर असते. शिवाय ओझे मानेइतके उंच गेल्याने तोलही बिघडतो.

नव्या सायकलीला कॅरिअर बसवायचे, तर सर्वप्रथम मागच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर आट्यांची लहान भोके आहेत का, ते पाहावे. ती असतील तर पाच मिलिमीटरच्या बोल्टांनी पक्के कॅरिअर बसते. डिस्क ब्रेक असल्यास त्याला वळसा घालणाऱ्या पायांचे कॅरिअर मागावे, अन्यथा सळई ब्रेकला घासते. भोके नसतील तर दुकानदार सीटच्या दांड्याला आवळायचे, मागे अधांतरी राहणारे कॅरिअर पुढे करतात. ते दिसायला सुबक असते, पण त्याला जमिनीकडे जाणारे पायच नसतात. नऊ-दहा किलोंपलीकडे ते बाजूला फिरते आणि त्यावर मूल बसवणे तर सर्वथा वर्ज्य.

चांगल्या कॅरिअरवर त्याची मर्यादा कोरलेली असते. युरोपीय मानकांनुसार ती लिहिणे बंधनकारक आहे आणि २५ किलो हा नेहमी आढळणारा आकडा. आपल्या जुन्या लोखंडी कॅरिअरवर असे काही लिहिलेले नसते आणि म्हणून त्याला मर्यादाच नाही असा समज झालेला आहे. पोलाद की अॅल्युमिनिअम, याचे उत्तर वापरावर आहे. अॅल्युमिनिअम हलके असते आणि गंजत नाही. पण हादऱ्यांनी थकून ते पूर्वसूचना न देता तुटते आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे सहसा जोडता येत नाही. पोलाद आधी वाकते, मग मोडते आणि कुठेही सांधता येते. रोज भाजी-किराणा आणणाऱ्याने दोन-तीनशे ग्रॅम वजनाची पर्वा करू नये.

पॅनिअर पिशव्यांत जलरोधक कापडाचे युग जर्मनीत १९८२ साली सुरू झालेल्या ऑर्टलीबसारख्या कंपन्यांनी आणले. कोकण-मुंबईच्या पावसात त्यांचे महत्त्व निराळे सांगायला नको. मात्र किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेरची असते. ताडपत्री किंवा रेक्झीन शिवणारा कारागीर आपल्याकडे गावोगावी आहे. त्याच्याकडून पिशवी शिवून घेताना तोंडाशी तीन-चार घड्या घालून गुंडाळता येईल एवढे जास्तीचे कापड ठेवावे, चाकाच्या बाजूला आतून ताठ पुठ्ठा वा पातळ पत्रा घालावा आणि खालच्या टोकाला आसाजवळ अडकवायचा एक आकडा जरूर लावावा. हा खालचा आकडा नसेल, तर खड्ड्यात पिशवी उडून आऱ्यांवर आपटते.

बांधण्यासाठी बाजारात आकड्यांचे रंगीत ताणपट्टे मिळतात. ताणलेला पट्टा हातातून सुटला तर त्याचा लोखंडी आकडा थेट डोळ्यावर येतो, म्हणून तो अडकवताना तोंड बाजूला ठेवावे. सायकलच्या दुकानात मागितली तर मिळणारी जुन्या ट्यूबची पट्टी यापेक्षा सरस ठरते. तिला आकडा नाही, ती ओझ्याला धरून राहते आणि गाठ घसरत नाही. गाठ मारून उरलेले टोक मात्र वेढ्यात खोचून टाकावे. ते लोंबत राहिले, तर फ्रीव्हीलमध्ये जाते. बांधून झाल्यावर सीट धरून सायकल दोन्ही बाजूंना जोराने हलवावी. ओझे आणि सायकल एकदम हलली तर बांधणी ठीक. ओझे मागाहून हलले तर पट्टी सोडून पुन्हा बांधावी. आणि आसाचे दोन नट व सीटखालचा एक बोल्ट पान्याने आवळून पाहावेत, आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा.